आधी दिलेली पोर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि त्याला तर सर्वात आधी सांगायला हवं होतं, का ते पुढे कळेलच. आता तोही राहिला नाही. मुलीला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तोंड वाकडं केलंत तरी ते मला दिसणार नाही. आणि एक आधीच बजावून ठेवते — मी डोळ्याला पदर लावणार नाही. पदर लावून कबुल्या देणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. केलं ते केलं. मीच केलं. कुणी हात धरून करवून घेतलं नाही.

एका वाक्यापासून सुरुवात करते. गेली पंचवीस-तीस वर्षं मी ते वाक्य बोलत आले आहे. महिला दिन आला, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं, की मला बोलावतात. शाल, नारळ, एक हातात न मावणारा पुष्पगुच्छ. सरकारी खात्यात मशिनींची कामं बघत बघत उपअभियंता म्हणून निवृत्त झालेली बाई, त्या काळात शिकलेली — असं सगळं सांगून होतं, मग माईक माझ्या हातात येतो. आणि मी म्हणते, "तेव्हा आमच्या कॉलेजात मी एकटीच मुलगी होते. दुसरी कुणी यायला धजावलीच नाही." इथे टाळ्या पडतात. कधी चुकत नाहीत.

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? भाषणात कोण खरं बोलतं? थांबा जरा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. कॉलेज म्हणायचं म्हणून कॉलेज — जळगावच्या बाहेर एक दगडी इमारत, मागे पत्र्याच्या शेड, समोर कपाशीचं शेत. डिप्लोमा मिळायचा. जवळच्या असोद्याची पोरं सायकलच्या दांडीला ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर बांधून यायची, लांबून बघणाऱ्याला वाटावं भाला घेऊन निघालेत. मारवाड्यांची दोन-तीन मुलं होती, त्यांच्या वडिलांना कापसाच्या जिनिंगची मशिनरी कळणारा घरातलाच माणूस हवा होता. आणि मी. माझे वडील — आम्ही नाना म्हणायचो — वरणगावच्या कारखान्यात लेथवर होते. मुलगा नव्हता. त्यांच्या डोक्यात आलं, आणि त्यांच्या डोक्यात आलेलं काढायची आईची प्राज्ञा नव्हती. मला जळगावला मावशीकडे ठेवलं.

साठ मुलांत एक मुलगी. पहिला बाक माझा, अख्खा माझा. हजेरी घेताना सर मुलांचे नंबर पुकारायचे आणि माझं नाव घ्यायचे. बायकांसाठी संडास नव्हता. वर्कशॉपच्या मागे गफूरमिस्त्रींचं घर होतं, त्यांच्या बायकोकडे जायचे; ती न बोलता पाण्याची बादली भरून ठेवायची. मुलं शिट्ट्या मारायची का? दोन-चार महिने मारल्या. मग त्यांना मॅथ्सच्या वह्या लागल्या, शिट्ट्या थांबल्या.

हे सगळं मी भाषणात सांगते. कसं सोसलं, कसं निभावलं. जे सांगत नाही ते असं — मला ते आवडायचं. फार आवडायचं. वऱ्हांड्यातून मी चालत गेले की बोलणी थांबायची. पाहुणे आले की प्रिन्सिपॉलसाहेब त्यांना वर्कशॉपमध्ये आणून माझ्याकडे बोट दाखवायचे. मावशीच्या गल्लीत मला नाव राहिलंच नव्हतं, "इंजिनेरीन" एवढंच. मॅट्रिकपर्यंत ज्या पोरीकडे कुणी वळून बघितलं नव्हतं, तिला अठराव्या वर्षी हे मिळालं. तुम्ही सोडलं असतं? सोडलं असतं म्हणत असाल तर पुढे वाचू नका, आपलं जमायचं नाही.

फक्त एक माणूस माझं कौतुक करत नसे. गफूरमिस्त्री. आम्ही चाचा म्हणायचो. पिढ्यान् पिढ्या लोहारकाम केलेलं घर, फिटिंग शॉप त्यांच्या ताब्यात. पहिल्या वर्षी लोखंडाचा तुकडा शिकंजात — म्हणजे व्हाइसमध्ये — आवळून तो फाइलीने — म्हणजे कानशीने — घासून सपाट करायचा असतो. ऐकायला सोपं. करून बघा. नवशिक्याचा हात पुढे जाताना खाली झुकतो, मागे येताना वर उठतो, आणि तुकडा सपाट व्हायच्या ऐवजी मधोमध फुगतो. चाचा म्हणायचे, "पाळणा हलवू नको, बेटी." तीन महिने मी पाळणा हलवत होते. तळहाताला फोड, फोडाचे घट्टे. शेवटी जमलं. एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा जॉब मी असा केला की उजेडाला धरल्यावर फटीतून काही दिसत नव्हतं. त्यावर माझा नंबर ठोकून तो काचेच्या कपाटात ठेवला. चाचांनी बघितला, म्हणाले, "ठीक है." बस्स. ठीक है.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, प्रवेशाचे दिवस होते. मी राहिलेला एक जॉब पुरा करायला वर्कशॉपमध्ये आले होते. दारात एक गृहस्थ उभे राहिले. धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री, हातात फडक्याचं गाठोडं. मागे मुलगी — दोन वेण्या, पायात वहाणा, माझ्यापेक्षा वर्षभराने लहान असेल. एरंडोलकडच्या खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने आले होते. गावात त्यांना आबा म्हणत. मुलगी विमल. मॅट्रिकला गणितात तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. हो, मी मोजले होते, आणि आजही लक्षात आहेत.

आबांना प्रिन्सिपॉलना भेटायचं नव्हतं. त्यांना मला भेटायचं होतं. का, तर आमच्याकडे एक रीत आहे. एखाद्या गावात मुलगी द्यायची असली, की त्या गावात आपली आधी दिलेली पोर असेल तिला जाऊन विचारायचं. नवरदेवाकडचे गोडच बोलणार, मध्यस्थ गोडच बोलणार. आधी दिलेली पोर खरं सांगते — पाण्याला किती लांब जावं लागतं, सासू कशी, हात उगारणारं घर आहे का. तिने नको म्हटलं की सोयरीक तिथेच मिटते. मग कुणी वर बोलत नाही. आबांनी हीच रीत कॉलेजला लावली. रिकाम्या हाताने आले नव्हते. आधी दिलेल्या पोरीकडे जाताना न्यावं तसं गाठोड्यातून बिबड्या आणल्या होत्या, ज्वारीच्या, उन्हात वाळवलेल्या.

"बठ्ठा लोक नको म्हनतस," ते म्हणाले — बठ्ठा म्हणजे सगळे. "पन मी म्हन्तं, आठे एक पोर शिकी ऱ्हायनी, तिलेच इचारसू. तू सांगशी तसं."

आमची ना ओळख ना पाळख. पण त्यांनी मला त्यांच्या घरची लेक ठरवून टाकलं होतं. मी फुलून गेले — खोटं कशाला बोलू? मी त्यांना खरंच सांगणार होते. पाठवा म्हणणार होते. तोंडात शब्द तयार होता.

तेवढ्यात विमल माझ्या व्हाइसपाशी गेली. आवळलेल्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि चाचांना विचारलं, "हाई मी करी देखू का?" चाचांनी मान हलवली. तिने फाइल उचलली, पाय रोवले — कुणी सांगितलं नव्हतं कसे रोवायचे — आणि घासायला लागली. सरळ. पुढे सरळ, मागे सरळ. पाळणा नाही. पहिल्या हातापासूनच नाही. घरच्या विळ्या-कुऱ्हाडींना धार तीच लावते, आबा अभिमानाने सांगत होते, विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की गडी तिलाच हाका मारतात. मी ऐकत नव्हते. मी चाचांकडे बघत होते. चाचांनी तुकडा सोडवला, काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडाला धरला, आणि माझ्याकडे वळून — माझ्याकडेच — म्हणाले, "देखा, बेटी? हाथ पैदाइशी है इसका."

वर्षभरात मला "ठीक है".

चाचा आणि विमल कपाटातले जॉब बघायला गेले. आबा आणि मी वऱ्हांड्यात माठापाशी आलो. त्यांनी आवाज खाली आणला. "आते सांग. पोर मन्ही जाई का नको?"

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. आधी संडासाचं सांगितलं. ते खरं होतं. मग शिट्ट्यांचं सांगितलं, केव्हाच्याच थांबलेल्या शिट्ट्या मी रोजच्या केल्या. मग म्हटलं, मी रोज रडते. मी आयुष्यात मोजून चार वेळा रडले असेन, आणि कॉलेजसाठी एकदाही नाही. आबा ऐकत होते, पण हलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, की एवढ्याने हा माणूस मागे फिरणार नाही. पोरीला सायकल घेऊन देईल, बरोबर आत्या ठेवील, पण धाडील. आणि पोर आली की? खालच्या वर्गातही पहिला बाक एका मुलीचा होणार. तिथेही हजेरीत नंबराऐवजी नाव. कपाटात तिचा जॉब माझ्यावर. आणि चाचा.

म्हणून मी म्हटलं, "माझं लग्न जमलं होतं. या कॉलेजमुळे मोडलं."

असं काही झालंच नव्हतं. जमलंच नव्हतं, तर मोडणार काय? ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही — हे चुकलं, माहीत आहे. आबा ज्या रीतीने विचारायला आले होते, त्या रीतीत कोणतं वाक्य शेवटचं ठरतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी निवडून बोलले.

 आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू खरं सांगी दिन्हं, बेटा. देव तुन्हं भलं करो." गाठोडं माझ्या हातात दिलं. विमलला हाक मारली, आणि तिला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ती कपाटापासून दारापर्यंत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. जाताना तिने माझ्या तळहाताकडे बघितलं. घट्ट्यांकडे. मला तेव्हा वाटलं, तिला कीव येते आहे. आता वाटतं, हेवा होता. दोघी एकमेकींचा हेवा करत उभ्या होतो, आणि निर्णय मात्र माझ्या हातात होता.

बिबड्या मी खाल्ल्या. मावशीने भाजून दिल्या, दाण्याच्या तेलाबरोबर. चांगल्या होत्या. घास अडकला वगैरे काही नाही. चाचांनी आठवड्याने विचारलं, वो बच्ची आई नहीं? मी म्हटलं, घरच्यांनी नको म्हटलं. ते पुन्हा विचारायला आले नाहीत. पुढची दोन वर्षं मी एकटी राहिले, कपाटात माझाच जॉब राहिला, आणि ती दोन वर्षं मजेत गेली. हे ऐकायला बरं वाटत नसेल. पण मजेतच गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती विसरूनही गेले असते. लोक विसरतातच की. पण आबा विसरले नाहीत.

मी डिप्लोमा झाले, नोकरीचा अर्ज केला होता. एके दिवशी आबा वरणगावला आमच्या घरी हजर. छत्री तीच. स्थळ घेऊन आले होते. त्यांच्या बहिणीचा मुलगा, धुळ्याला शाळेत शिक्षक, बायको नोकरी करते म्हणून नाक मुरडणारं घर नव्हे. त्यांना दारात बघून मी आधी नानांकडे बघितलं. आता हा म्हातारा नानांसमोर विचारणार, मोडलेल्या लग्नाचं काय झालं म्हणून. पण आबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ना तेव्हा, ना नंतर, ना बहिणीच्या घरी. परक्या पोरीची अब्रू म्हणून त्यांनी माझी थाप जिवापाड जपली. भाच्याकडे माझी शिफारस त्यांनी एका वाक्यात केली होती. नवऱ्याने मला ते लग्नानंतर हसत हसत सांगितलं — "मामा म्हणाले, पोर खरं बोलस."

सदतीस वर्षं संसार झाला माझा. चांगला झाला. त्या वाक्यावर उभा होता. सांगितलं असतं नवऱ्याला? कितीदा तोंडाशी आलं. पण सांगायचं म्हणजे काय — तुझ्या मामाने ज्या एका गुणासाठी मला या घरात आणलं, तो माझ्यात नव्हता? नाही सांगितलं. घाबरले. ज्या बाईने भर सभेत ठेकेदारांना झापलं, ती रोज ताटावर बसणाऱ्या माणसाला घाबरली.

आमचं लग्न एरंडोलकडे आबांच्या मळ्याजवळच झालं, सगळ्यांना सोयीचं म्हणून. ऐन पंगतीच्या वेळी विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. हौद कोरडा, पाचशे माणूस उन्हात बसलेलं. कुणीतरी ओरडलं, "आरे, नवरीच इंजिनेर शे, तिलेच बलावा!" सगळे हसले. मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. मलाही हसू आलं. तेवढ्यात विमल उठली. तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं, कडेवर पोर होतं. पोर तिने बाजूच्या बाईच्या मांडीवर टाकलं, पदर खोचला आणि विहिरीकडे गेली. दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज आला. मग ती हात पुसत माझी ओटी भरायला आली. नखांत काळं ऑइल तसंच. तिने त्या हातांनी मला कुंकू लावलं आणि पहिल्यांदा "वहिनी" म्हणाली.

आबांनी त्या दिवशी कॉलेजच्या दारात तिला माझं लग्न मोडल्याचं सांगितलं होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. "तुन्हं कितलं वाईट वाटं आमले, वहिनी," म्हणाली. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जाऊ दे, जुन्या गोष्टी." इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

आबा गेले. नवरा गेला. विमल आहे. खेड्यात तिने पिठाची गिरणी चालवली, पट्टे-बेअरिंगं स्वतः बदलली, मुलं शिकवली. तिचं वाटोळं झालं का? नाही झालं. पण हे मी स्वतःच्या सुटकेसाठी सांगते असं समजू नका. ती कुठे पोहोचली असती, याचा हिशेब करायचा अधिकार मी त्या वऱ्हांड्यातच घालवला. तिने जायचं ठरवलं असतं आणि नापास झाली असती, तरी ते तिचं नापास होणं असतं. मी तेही घेतलं.

गेल्या महिन्यात जळगावात पुन्हा सत्कार झाला. विमल डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आलेली, एक डोळा झाला होता, म्हणून तिलाही घेऊन गेले. तिला पहिल्या रांगेत बसवलं. मी माईक हातात घेतला आणि पट्टीच्या वक्त्यासारखी सुरू झाले. ते वाक्य जवळ येत होतं. मला कळत होतं की येतंय. समोर ती बसली होती, काळा चष्मा लावून. गाळता आलं असतं? आलं असतं. मी म्हटलं, "दुसरी कुणी यायला धजावलीच नाही."

आणि विमलने टाळ्या वाजवल्या. सर्वात आधी तिनेच. बाकीचे तिच्यामागून.

त्या टाळ्यांनी मला जे झालं, ते झालं. त्याला नाव देत बसत नाही. मी कुणाची क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. क्षमा मागणं म्हणजे जिचं घेतलं तिच्याकडेच आणखी काही मागणं. मी तिच्याकडून पुरेसं घेतलंय. त्या दिवशी एक मुलगी धजावली होती. तिचं नाव विमल. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून मी तिला खोटं सांगून परत पाठवलं. बस्स, एवढंच आहे ते.

आत्ता दुपारचे चार वाजलेत. विमल माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून मिक्सर उघडते आहे. मी म्हटलं होतं, दुकानात टाकू. ती म्हणाली, गप बस. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय, आता तिला बारीक अक्षर दिसतं. सकाळपासून हाती येईल तो कागद वाचते, औषधाच्या खोक्यावरचासुद्धा.

"वहिनी, पेचकस कोठे शे?" ती आतून विचारते आहे.

पेचकस माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो घेते, हे कागद घेते, आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवते.